आढ्याचं झाड

जेवायला बसलं की वरून ताटात पिठी पडायची. पिवळसर, मऊ, चाळून घेतल्यासारखी. घराच्या आढ्याला कीड लागली होती, आणि ती नुसती खात नव्हती, चवीनं खात होती. कोणी बोलायचं थांबलं की तिचं कुरतडणं ऐकू यायचं. म्हणून त्या घरात जेवताना कोणी गप्प बसत नसे.

"ताई, मीठ कमी आहे," मेव्हणा म्हणायचा, "पण वरून मसाला अगदी वेळेवर येतोय."

"खा मुकाट्यानं," त्याची बहीण म्हणायची.

घरात माणसं तीनच. करवत्या, त्याची बायको आणि बायकोचा हा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी ओंडका घसरून मेव्हण्याचा पाय मोडला, आणि ज्यानं बसवला त्यानं तो असा बसवला की गुडघा एकीकडे बघायचा आणि अंगठा दुसरीकडे. तेव्हापासून तो ओट्यावर बसून करवतीच्या दातांना कानस मारायचा आणि सगळ्या जगाला नावं ठेवायचा. दोन्ही कामं मन लावून करायचा.

करवत दोन माणसांची होती. साडेतीन हात पातं, दोन्ही टोकांना मुठी. एक मूठ नवऱ्याची, दुसरी बायकोची, तीस वर्षं. तेवढ्या वर्षांत दोघं बोलली कमी आणि ओढली जास्त. बायको रागावली असली तर ते त्याला तिच्या तोंडावरून नाही, पात्यातून कळायचं. मुलगी झाली तेव्हा विसाव्या दिवशी तिला पाठीला बांधून ही रानात हजर. करवत्यांच्या घरांची रीतच तशी होती. दोन्ही मुठी घराबाहेर पडल्यावर पोराला घरी ठेवणार कोणापाशी? पोरगी आईच्या पाठीवर पुढंमागं झुलत झोपायची आणि करवत थांबली की भोकाड पसरायची. आता ती सासरी नांदत होती, आणि जावई सांगायचा की अजूनही प्रवासात बस थांबली की हिला झोपेतून जाग येते.

तर आढं. त्याला खालून आठ टेकू दिले होते. चुलीपासून दारापर्यंत जायचं तर टेकूंना वळसे घालत, वाकत, खांदा काढून घेत जावं लागायचं. पावसात भिजलेल्या कौलांचं ओझं आढ्यावर आलं की ते बसणार, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कोणी ते मोठ्यानं म्हणत नव्हतं.

नवं आढं मिळायची सोय मात्र याच वर्षी होती. गावाच्या वरच्या उतारावर सुकी उभी झाडं सात घरांत पाळीनं वाटली जायची. ज्या घराची पाळी, त्या घरानं पानगळीपासून पुढं, जे झाड दोन पावसाळे फुटलं नाही ते कापून न्यायचं. पावसाच्या महिनाभर आधी रानाच्या वाटेवर साखळी लागायची. साखळी लागली की पाळी संपली. त्यानंतर उतारावर जे उभं असेल ते, आणि जे आडवं पडलेलं असेल तेही, पुढच्या पाळीवाल्याचं. सात वर्षांनी करवत्याचं घर पाळीवर आलं होतं. पुढची पाळी शिंप्याची होती, आणि रानसमितीचा अध्यक्षही शिंपीच होता. गळ्यातली मोजपट्टी तो समितीच्या बैठकीतही काढायचा नाही, त्यामुळे माणसं त्याच्यासमोर बोलताना पोट आत घ्यायची.

पाळीत झाडं चौदा निघाली. बहुतेक वेडीवाकडी, वाशांपुरती. आढ्याच्या लायकीचं एकच. उताराच्या वळणावर एकवीस हात सरळ उभं, वाळून दगडासारखं झालेलं, साल जागोजागी सुटून बुंध्यावर पन्हळीसारखी लोंबत असलेली. करवत्यानं पाठीमागच्या वर्षीच त्याला कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं ठोकून पाहिलं होतं. असा खणखणीत आवाज आला होता, की मेव्हण्याच्या सांगण्याप्रमाणे खाली गावात तीन माणसं जेवायची वेळ झाली समजून घरी गेली.

हे झाड त्यानं शेवटासाठी ठेवलं. ओंडका उन्हात पडून राहिला तर तडकतो. पाडावा, सोलावा आणि त्याच दिवशी सावलीत न्यावा. हिशोब बरोबर होता. आधी वासे करायचे, मग आढं. रोज पहाटे नवराबायको वर जायची, दिवस मावळायच्या बेतात उतरायची. ऊन असं की दगडावर ठेवलेली पाचर उचलताना बोटं चिकटायची. करवत्याचा उजवा खांदा सकाळी कुरकुरायचा, दुपारी बोलायचा आणि संध्याकाळी शिव्या द्यायचा. बायकोच्या तळव्यांना घट्टे पडून त्यांना पुन्हा भेगा पडल्या होत्या. ती त्यांत तूप नाही, करवतीचं तेल भरायची.

"तूप भर की," तो म्हणाला.

"तूप खायला असतं," ती म्हणाली. "ओढा."

सहावं झाड पाडून झालं त्या दिवशी मोजणारी बाई आली.

ती वनखात्याकडून आली होती. पायात तिच्या मापापेक्षा मोठे बूट, हातात बटण दाबलं की आकडा पुढं सरकणारं छोटं यंत्र, आणि चेहऱ्यावर महिनोन्‌महिने पुरेशी झोप न मिळालेल्या माणसाचा भाव. तिनं करवत्याला नमस्कार केला आणि सरळ आढ्याच्या झाडापाशी जाऊन एका लोंबत्या सालीखाली मान वाकडी करून पाहिलं.

"काका, हे झाड कापू नका," ती म्हणाली. "यात आया आहेत."

"कोणाच्या?"

"वटवाघळांच्या. माद्या. पिल्लं झालीत त्यांना."

त्यानं वाकून पाहिलं. सालीच्या आड, बुंध्याला चिकटून, सुकल्या पानांचा ढीग असावा तसं काहीतरी होतं, आणि ते श्वास घेत होतं. एकेक अंगठ्याएवढं. तपकिरी, कान मोठे, तोंड एखाद्या वैतागलेल्या म्हाताऱ्यासारखं.

"एवढीएवढीशी?" बायको मागून म्हणाली.

"एवढीच असतात, काकू. रानातच राहतात, घरांत येत नाहीत. वाळल्या झाडाची साल सुटली की आत शिरतात. उन्हानं साल तापते, पिल्लांना ऊब मिळते. हिरव्या झाडाला अशी साल नसते. आणि वाळलं झाड माणसं ठेवत नाहीत."

हे शेवटचं तिनं कोणाला उद्देशून म्हटलं नाही, पण करवत्या उगीचच करवतीच्या पुढं उभा राहिला.

"मग कधी कापायचं?"

"पिल्लं उडायला लागली की. महिना, पाच आठवडे."

"साखळी त्याच्या आधी लागते, बाई."

"ते मला समितीनं सांगितलं." तिनं पिशवीतून निळ्या कापडाची पट्टी काढून बुंध्याभोवती बांधली. बांधताना तिचे हात थकलेले दिसत होते. "दर साली एका आईला एकच पिल्लू होतं, काका. एक गेलं तर पुढच्या वर्षापर्यंत तिच्याकडे काही नाही."

"खातात काय?" बायकोनं विचारलं.

"किडे. पतंग, भुंगेरे. लाकडात अंडी घालतात ना, ते भुंगेरेसुद्धा."

"मग थोडी आमच्या घरी पाठवा. आढ्यात जेवणावळ चाललीय."

बाई हसली. हसताना ती वयानं बरीच लहान दिसली.

त्यानंतर जे झालं ते मेव्हण्यानं पुढं वर्षभर सांगितलं, आणि दर वेळी त्यात दोनतीन झाडं वाढवली. खरं ते एवढंच, की वटवाघळं एका झाडात टिकेनात. तीन दिवस आढ्याच्या झाडात, की चौथ्या दिवशी दुसऱ्यात. साल फार तापली की हलायची, उवा झाल्या की हलायची, कधी काही कारण नसताना हलायची. आणि उतारावर शंभर झाडं असताना जायची ती नेमकी करवत्याच्या पाळीतल्या झाडात. त्यामागून बाई आणि तिची निळी पट्टी. दोन आठवड्यांत उरलेल्या आठांपैकी पाच झाडांना पट्ट्या बांधून झाल्या.

"पाळी तुमची नाहीच, भावजी," मेव्हणा म्हणाला. "त्यांची आहे. तुम्ही फक्त राखणीला आहात."

"पिल्लं एवढी लहान, मग ती कशी येतात झाडाझाडांतून?" बायकोनं बाईला एकदा विचारलं.

"आया नेतात. पोटाला घट्ट धरून ठेवतं पिल्लू, आणि ती त्याला घेऊन उडते. स्वतःच्या निम्म्या वजनाचं ओझं."

बायकोनं करवत्याकडे पाहिलं. त्या दिवशी दुपारी तिचा हात करवतीवर हलका चालला.

करवत्या आता रोज संध्याकाळी बाईशेजारी दगडावर बसायला लागला. घरी लवकर जाऊन टेकूंत अडखळायचं, त्यापेक्षा हे बरं. उजेड पिकल्या फळासारखा झाला की पहिली बाहेर पडायची. सालीतून टप्पकन खाली पडायची आणि जमिनीच्या हातभर वर पंख उघडून निघून जायची. मग दुसरी, मग तीन एकदम. बाईच्या यंत्राचा टिक टिक आवाज. करवत्यानं डाव्या खिशात खडे भरले आणि एकेक उजव्या खिशात टाकायला तो शिकला.

"किती?" बाई विचारायची.

"बासष्ट."

"माझे एकसष्ट."

"ती दोन जोडीनं पडली, तुम्ही एकदाच दाबलं."

तिनं एकदा विचार करून बासष्ट लिहिलं. पुढं रोज बासष्टच यायला लागलं. बाईची नजर चांगली होती, पण तीस वर्षं दोरी धरून झाड कुठं पडेल ते पाहणाऱ्याची नजर वेगळी.

साखळीला चार दिवस उरले तेव्हा वटवाघळं आढ्याच्या झाडात परत आली होती. पट्टी नसलेल्या झाडांतूनच लागतील तेवढे वासे निघून घरी पोचले होते. अंगणात रचून ठेवलेल्या वाशांकडे येताजाता पाहिलं की आढं नसल्याचं जास्तच जाणवायचं. त्यात दुपारी शिंपी येऊन गेला. त्यानं घरात डोकं घातलं, टेकू मोजले, आणि मोजपट्टीचं टोक चोळत म्हणाला, "समितीला काळजी आहे हो. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, समितीनं पाहिलं नाही. पावसाच्या आधी घर रिकामं केलंत तर बरं. शाळेच्या मागची कोठी आहे."

कोठीत गावाच्या तुटक्या खुर्च्या आणि मेलेल्या पंपाचे भाग ठेवत.

"बघू," करवत्या म्हणाला.

शिंपी गेल्यावर बायको बराच वेळ एकच भांडं घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई खात्याच्या कामाला शहरात जायची होती. आठवड्यातून एकदा जायची, दुसऱ्या दिवशी दुपारी परतायची. त्या संध्याकाळी करवत्यानं खाली उतरायच्या वेळी करवत खांद्यावर घेतलीच नाही. बायकोही थांबली.

"काय?"

"मी विचार करतोय," तो म्हणाला. "पट्टी कशासाठी आहे? वटवाघळांना धक्का लागू नये म्हणून. बरोबर?"

"बरोबर."

"सगळी बाहेर गेली, झाड रिकामं झालं, मग धक्का कोणाला? पहाटे परत येतील तेव्हा दुसऱ्या झाडात जातील. नाहीतरी चौथ्या दिवशी जातातच."

"आणि पिल्लं?"

"नेतात की घेऊन. बाईनंच सांगितलं. पोटाला चिकटवून."

बायकोनं थोडा वेळ झाडाकडे पाहिलं. तिलाही ते पटलं. कामाला निघालेली बाई लेकरू मागं टाकून जाते, ही गोष्ट त्या दोघांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. त्यांच्या घरात असं कधी झालं नव्हतं, त्यांच्या आईबापांच्या घरात झालं नव्हतं.

दोघं दगडावर बसली. त्यानं डावा खिसा खड्यांनी भरला. उजेड उतरला, पहिली पडली आणि गेली. खडे इकडून तिकडे जात राहिले. शेवटचा खडा पडल्यावरही तो तेवढाच वेळ आणखी थांबला, कारण लबाडी करायची नव्हती.

"बासष्ट," तो म्हणाला. "झाड रिकामं."

त्यानं पट्टी सोडली, घडी करून दगडाखाली ठेवली. उताराच्या बाजूनं कुऱ्हाडीनं खाच घेतली, मग दोघं गुडघ्यांवर बसली आणि करवत लावली. लाकूड खरोखरच दगडाचं होतं. भुसा पिठासारखा बारीक पडत होता. खांद्यातून कळ मनगटात उतरायची, तिथून पात्यात जायची आणि पलीकडे बायकोला कळायची. ती तेवढ्यापुरतं जास्त ओढून घ्यायची. अर्ध्यावर पाचर मारली. पुन्हा ओढली. अंधार दाटायला लागला तेव्हा झाड दीर्घ कण्हलं.

"मागं हो."

झाड पडलं. जसं पडायला हवं होतं अगदी तिथं, वळणाच्या वाटेत, गाडीला सोपं पडेल असं. फांद्यांचा शेंडा मात्र खालच्या वाकड्या झाडाच्या बेचक्यात जाऊन अडकला. धूळ उठली, बसली. करवत्यानं पाठ सरळ केली. आढं मिळालं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला वाटलं की आज जेवण गोड लागेल.

"अहो," बायको म्हणाली. "ऐकू येतंय का?"

"काय?"

"ओरडतंय काहीतरी."

त्याला ऐकू येत नव्हतं. करवतीनं त्याच्या कानांतले बारीक आवाज कधीच खाल्ले होते. ती सुटल्या सालीपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि बॅटरी मागितली. उजेड पडला तेव्हा दोघांनाही दिसलं.

सालीच्या आतल्या बाजूला ती चिकटून होती. केस नीट न आलेली, करड्या कातडीची, बोटाच्या पेराएवढी. काही खाली धुळीत पडली होती. काही हलत होती.

"नेली नव्हती," ती म्हणाली.

त्यानं बॅटरी आणखी खाली धरली.

"घरी ठेवून गेल्या होत्या त्या."

वर अंधारात काहीतरी फिरायला लागलं होतं. एक, मग पुष्कळ. आवाज त्याला ऐकू येत नव्हता, पण गालाला वारा लागत होता.

बायकोनं डोक्याचा फडका सोडला आणि पिल्लं गोळा करायला लागली. भेगाळलेल्या बोटांनी, चिमटीत न धरता, तळव्यावर सरकवून. आणि करवत्यानं जे काम त्याला सगळ्यांत चांगलं यायचं ते केलं. पडल्या बुंध्यावरची साल त्यानं कुऱ्हाडीच्या धारेनं कडेकडेनं उचलली आणि पुरुषभर लांब एक सलग पत्रा काढला, एकही तडा न जाता. एवढ्या अंधारात त्यानं आयुष्यात तशी साल काढली नव्हती.

"कुठं बांधणार?" ती म्हणाली.

"वर. उंचावर पाहिजे. त्या शोधतील तिथं."

जवळ वाळलेलं झाड एकच होतं. ज्याच्या बेचक्यात शेंडा अडकला होता ते वाकडं. करवत्या दोर खांद्यावर टाकून चढला. सालीचा पत्रा वर ओढून घेतला, बुंध्याला पन्हळीसारखा लावला, वरून तीन फेरे आणि खालून सैल एक. मग तिनं फडक्याचं गाठोडं दोरानं वर पाठवलं. तो एकेक पिल्लू आत ठेवायचा. पायाची नखं खरखरीत लाकडाला लागली की ते आपोआप घट्ट धरायचं. कसं धरायचं ते त्यांना कोणी शिकवायला लागत नव्हतं. जी धरेनात, ती तो परत फडक्यात ठेवायचा. एकदा काहीतरी त्याच्या कानाला चाटून गेलं, मनगटावर बसलं आणि मनगटावरून सरपटत सालीखाली शिरलं. त्यानं हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

तो खाली उतरला. दोघं जमिनीवरच बसली.

"शांत झालं का?" त्यानं विचारलं.

ती कान देऊन होती. "होतंय."

फडक्यात सात उरली होती, हालचाल थांबलेली. तिनं ती दुसऱ्या एका दगडाखाली पुरली, आणि हात कुठं पुसावेत ते न कळून तशीच बसली.

मेव्हणा सकाळी बैलगाडी घेऊन आला. आढ्याचं झाड पाडल्याचं बहिणीनं सांगितलं होतं, बाकीचं सांगितलं नव्हतं. त्यानं गाडी वळवली, साखळदंड काढला, ओंडक्याला गुंडाळायला वाकला आणि मग वर पाहिलं.

"भावजी, हे सालीचं खोपटं काय प्रकरण आहे?"

बहिणीनं सांगितलं. त्यानं ऐकलं. एरवी त्याच्याकडे कशालाही शेरा तयार असायचा, पण या खेपेला तो ओंडक्यावर बसून आपला वाकडा पाय चोळत राहिला. मग उठून ओंडक्याच्या शेंड्यापर्यंत गेला, बेचक्याकडे पाहिलं, झाडाच्या बुंध्याला हलकेच हात लावला. वाळकं झाड मुळापासून हललं.

"हा ओंडका ओढला," तो म्हणाला, "तर हे येणार."

"हो."

"शेंडा तोडून काढला तर?"

"कुऱ्हाडीच्या धक्क्यानंही येईल. करवतीनं जरा हळू येईल, एवढंच."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे रात्रीच कळलं होतं?"

"बांधतानाच कळलं."

"मग दुसरीकडे बांधायचं."

"दुसरं कुठं होतं?"

तिनं अंदाज घेतला, ओंडक्याचा, वाटेचा, गाडीचा, साखळीला उरलेल्या दोन दिवसांचा. करवत्याला वाटलं, ती आता म्हणेल, ओढा. आणि ती म्हणाली असती तर त्यानं ओढला असता की नसता, हे त्याला पुढंही कधी ठरवता आलं नाही. तिनं वाकून बैलांच्या पायातला खडा काढला.

"गाडी रिकामी न्यायची, तर खाली उतारावर सरपण तरी भर," ती भावाला म्हणाली.

दुपारी मोजणारी बाई आली तेव्हा करवत्या दगडावर बसला होता. तिनं पडलेलं झाड पाहिलं, बांधलेली साल पाहिली. तिच्या हातातलं यंत्र उगीचच एकदा टिक झालं.

"मी पाडलं," तो म्हणाला. "सगळी बाहेर गेल्यावर. मला वाटलं, पिल्लं घेऊन जातात."

"जागा बदलताना नेतात," ती हळू म्हणाली. "खायला जाताना नाही नेत, काका. पिल्लू घेऊन शिकार कशी जमेल? मी सांगायला हवं होतं."

"आम्ही न्यायचो."

तिनं वही काढली. पेन काढलं. "किती?"

"सात."

तिनं लिहिलं. नुसता आकडा लिहायला लागतो त्यापेक्षा तिला बराच जास्त वेळ लागला. मग त्यानं दाखवलेल्या दगडाखालून निळी पट्टी काढून तिनं वाकड्या झाडाला बांधली.

दोन दिवसांनी साखळी लागली. साखळी लावायला शिंपी स्वतः आला आणि कुलूप लावण्याआधी वर जाऊन आला. ओंडका त्यानं पट्टीनं मोजला. पट्टी साडेतीन हातांची, ओंडका एकवीस हातांचा. सहा वेळा ठेवावी लागली, आणि दर वेळी तो करवत्याला बोटानं खूण धरायला लावत होता.

"तुमच्यावर अन्याय झाला असं वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "रीत आहे. आडवं पडलेलं पुढच्या पाळीचं. पट्टी सुटेपर्यंत मीही हात लावणार नाही, मी काही नियमाबाहेरचा आहे का?" मग जरा जवळ येऊन, "सुटली की तुम्हीच चिरून द्या. तुमच्यासारखा हात नाही गावात. मजुरी देईन की."

करवत्या बोट खुणेवर धरून उभा होता. "बघू," तो म्हणाला.

घरी नवव्या आणि दहाव्या टेकूची भर पडली. दहावा बरोबर करवत्याच्या अंथरुणातून वर गेला.

"आता कूस बदलायची तर दोघांची परवानगी लागेल," मेव्हणा म्हणाला, "ताईची आणि याची." बहीण हसली, पण पुढच्याच क्षणी वर पाहायला लागली.

सात वर्षांनी पुन्हा पाळी. मेव्हण्यानं हिशोब केला की आपला पाय तोवर सरळ होण्याची शक्यता आढ्यापेक्षा जास्त आहे. पावसाआधी वरची निम्मी कौलं उतरवून ओझं कमी करायचं, त्या बाजूला ताडपत्री टाकायची आणि तिघांनी चुलीकडच्या अर्ध्यात राहायचं असं ठरलं. कोठीचं नाव कोणी काढलं नाही. करवत्या दिवसभर कौलं उतरवायचा. खांदा आता दिवसाची वेळ न बघता बोलायचा. पण संध्याकाळ झाली की तो साखळीखालून वाकून वर जायचा, आणि चौथ्या दिवसापासून बायकोही जायला लागली. तिनं कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

बासष्टच्या बासष्ट आया त्या सालीतून जात होत्या. इतकी वर्षं झाडं बदलणाऱ्या त्या जमातीनं तीन आठवडे ते खोपटं सोडलं नाही. बाई म्हणाली, असं तिनं कुठं पाहिलं नव्हतं. करवत्या म्हणाला, साल चांगली काढली असेल.

मग एके संध्याकाळी आकडा बासष्टवर थांबला नाही. त्रेसष्ट, चौसष्ट. नवी पडायची ती वेगळीच. पडताना पंख कधी उघडायचा हे न सुचलेली, गवताला घासून वर उठणारी, एखादी झुडपावर आदळून पुन्हा निघणारी. बाईचं बटण थांबेना. करवत्याचे खडे संपले, तो बोटांवर आला, मग बायकोच्या बोटांवर.

"एकशे नऊ," बाई शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात झोप होती आणि आणखीही काहीतरी. तिनं वही मिटली. "उरलेली उद्या-परवा येतील. पट्टी दोन दिवसांनी काढते, काका."

"थांबा," बायको म्हणाली.

"काय झालं?"

"एक आलंय कडेला. बोलतंय."

तिघं थांबली. करवत्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो बायकोच्या तोंडाकडे पाहत होता. उजेड आता एवढाच उरला होता की साल आणि आकाश यांत थोडाच फरक कळावा. बाईनं एकदा पाय बदलला. कोणी जायचं म्हणालं नाही.

मग सालीच्या खालच्या कडेला एक गाठ दिसली. ती बराच वेळ लोंबत राहिली, विचार करत असल्यासारखी. सुटली. दगडासारखी सरळ खाली आली, आणि जमीन अगदी जवळ आल्यावर काहीतरी सुचून तिरकी झाली, शिंप्याच्या ओंडक्यावरून घसरत गेली, उठली आणि गेली.

"लिहा," करवत्या म्हणाला.

बाईनं वही पुन्हा उघडली आणि एकशे दहा लिहिलं.

बायकोनं गुडघ्यांवर हात ठेवून स्वतःला उठवलं. "चला," ती म्हणाली. "करवतीला कानस मारायला सांगावं लागेल. परवापासून शिंप्याचं आढं चिरायचंय."